खांब उभा राहील, पण जमिनीत काय जाणार?

(अभ्यासपाठ: वायरलेस सेटची अँटेना, अर्थिंग आणि आपली जबाबदारी)



मागच्या महिन्यात डोंगराकडच्या आपल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. विषय होता वायरलेस सेट. पावसाळ्यात चार-चार दिवस लाइट जाते, मग मोबाइलचा टॉवरही बंद पडतो आणि वाडीचा खाली कुणाशीच संपर्क राहत नाही. म्हणून समाजमंदिरात एक सेट बसवायचा असं ठरलं. सेट चालवणारे परवानाधारक हॅम ऑपरेटर मदतीला तयार आहेत आणि वाडीतल्या दोन मुलींनी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे.

सचिव ताईंनी कोटेशन वाचलं. सेट, अँटेना, २० फुटी लोखंडी पाइप, केबल, बॅटरी, चार्जर, मजुरी. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "खांब वर जाईल, ते कळलं. पन जमिनीत काय जानार?"

कोटेशन आणलेला मुलगा हसला. "मावशी, खांब पत्र्याला बोल्ट केला की झालं अर्थिंग."

मावशी काही हसल्या नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरामागच्या माडावर वीज पडली होती. वीज पडली माडावर, पण टीव्ही जळाला, भिंतीतला बोर्ड फुटून बाहेर आला आणि जवळ बसलेल्या सुनेच्या हाताला झटका बसला. ती वाचली. त्या दिवसापासून मावशी प्रत्येक खांबाकडे बघून हाच प्रश्न विचारतात.

ग्रामसंघाने कोटेशन परत पाठवलं. मी समाजकार्य शिकले आहे, इलेक्ट्रिकल नाही. पण त्यानंतर मी वायरमन आणि हॅम ऑपरेटर यांच्याजवळ बसून जे समजून घेतलं, ते या पाठात मांडते आहे. आपल्याला हे काम स्वतःच्या हाताने करायचं नाही. पण काम बरोबर झालं की नाही हे ओळखता आलं पाहिजे, कारण पैसे आपले आहेत आणि त्या छपराखाली बसणारी माणसंही आपलीच आहेत.

सेट हवाच कशाला?

इर्शाळवाडी आपल्यापासून लांब नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतीला आलेली माणसं अंधारात आणि पावसात पायी चढली. डोंगराच्या पायथ्याशी आणि माचीवर राहणाऱ्या आपल्या सगळ्या वाड्यांना त्या रात्रीपासून एकच प्रश्न पडला आहे: आपल्यावर वेळ आली तर निरोप कसा जाणार?

वायरलेस सेटला मोबाइलचा टॉवर लागत नाही. एक सेट, एक अँटेना आणि एक बॅटरी असली की पुरे. २६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सेटवरून निरोप पोचवले. बाईचं हे काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण सांगा. आपल्याच राज्यातलं उदाहरण हवं असेल तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून आहे आणि तिथे बायका माइकसमोर बसतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. परवान्याशिवाय सेटवर बोलणं हा गुन्हा आहे. हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो आणि १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती परीक्षा देता येते. आपल्या मुली नक्की देऊ शकतात.

अर्थिंग म्हणजे नेमकं काय?

पावसाचं पाणी छपरावर पडतं. पन्हळ असली तर ते सरळ खाली जातं, नसली तर भिंतीत मुरतं. विजेचंही तसंच असतं. तिला जमिनीत जायचंच असतं. आपण मोकळी आणि सरळ वाट दिली नाही तर ती स्वतःची वाट शोधते: केबलमधून, सेटमधून, बोर्डातून, माणसातून.

घरातल्या विजेचा आकडा बघा. मिक्सर किंवा इस्त्रीला पाच अँपिअरच्या आत-बाहेर करंट लागतो. आकाशातल्या एका विजेत साधारण ३० हजार अँपिअर असतात. म्हणून हे आधीच सांगते: थेट खांबावर वीज पडली तर कुठलंही अर्थिंग सेट वाचवेलच असं नाही. पण जवळपास पडलेल्या विजेचा धक्का केबलमध्ये उतरतो, वादळी हवेत खांबावर भार साचतो, कधी सेटच्या चार्जरमध्ये बिघाड होऊन सेटची बॉडीच करंट देऊ लागते. या सगळ्यापासून नीट केलेलं अर्थिंग वाचवतं. थेट विजेवरचा उपाय वेगळा आहे, तो पुढे सांगते.

आता पत्र्याला बोल्ट मारण्याबद्दल. पत्रा लाकडी वाशांवर किंवा सिमेंटच्या भिंतीवर टेकलेला असतो, जमिनीला जोडलेला नसतो. खांब पत्र्याला जोडला तर अर्थिंग होत नाही, उलट अख्खं छप्पर खांबाला जोडलं जातं. नळाच्या पाइपचंही तेच. पूर्वी लोखंडी पाइप जमिनीत जायचे, आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे आहेत. प्लास्टिकला तार गुंडाळून उपयोग शून्य. आणि गॅसच्या पाइपला तर अर्थिंगची तार चुकूनही जोडायची नाही.

खांब कुठे उभा करायचा?

अँटेनाच्या कामात वीज पडण्याआधीच घात करणारी गोष्ट म्हणजे वरून जाणाऱ्या महावितरणच्या तारा. खांब उभा करताना हातातून निसटतो, तारेवर जातो आणि धरलेल्या सगळ्यांना शॉक बसतो.

म्हणून सोपा हिशोब करा. खांब २० फुटांचा असेल तर विजेची तार त्याच्या पायापासून कमीत कमी ३० फूट लांब हवी. म्हणजे उंचीच्या दीडपट. खांब आडवा पडला तरी तारेला लागता कामा नये. पोलवरून समाजमंदिरात येणारी सर्व्हिस वायरही यात धरायची. ओल्या बांबूतूनही करंट येतो, त्यामुळे "बांबूच आहे, काय होतंय" हे ऐकून घेऊ नका.

खांबाला तिन्ही बाजूंनी ताणाच्या तारा हव्यात. पाऊस किंवा वारा असताना खांबाचं काम होणार नाही, हे कामाच्या आधीच सांगून टाका. छपरावर चढणाऱ्या माणसाला दोरी बांधायला लावा. मुलांना लांब ठेवा.

जमिनीत काय जाणार?

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. पाइपचं अर्थिंग करायचं असेल तर जमिनीत किमान अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांपेक्षा थोडा जास्त लांबीचा, साधारण ४० मिलिमीटर जाडीचा जीआय पाइप उभा जातो. खड्ड्यात त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर देतात, म्हणजे ओल टिकते. वर पाणी ओतायला नरसाळं किंवा मोकळं तोंड ठेवतात आणि झाकण असलेला छोटा हौद बांधतात. खड्डा भिंतीच्या पायापासून दीड मीटर तरी लांब हवा. पाइपऐवजी जमिनीत ठोकायचा रॉडही चालतो: तांब्याचा साडेबारा मिलिमीटर, जीआयचा १६ मिलिमीटर जाडीचा. हातभर सळई ठोकून "झालं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या पनवेल भागात जमीन दोन तऱ्हेची आहे. डोंगराकडे जांभा आणि कातळ. तिथे पहार आठ फूट जात नाही. मग दोन ठिकाणी पाइप घालून ते पट्टीने जोडतात. दोन पाइपमध्ये त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतर हवं, नाहीतर दोन्ही मिळून एकाच पाइपइतकं काम करतात. खाडीकडे माती खारी आणि ओली असते, तिथे अर्थिंग चांगलं लागतं पण लोखंड लवकर खातं. त्या गावांनी दरवर्षी उकरून जोड बघायचा.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. आपल्याकडे कडकडाट जास्त होतो तो पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस परतताना. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, जेव्हा जमीन सगळ्यात कोरडी असते. कोरडी माती करंट नीट घेत नाही. म्हणून एप्रिल-मे मध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी ओतायचं. समाजमंदिर झाडणाऱ्या ताईंच्या कामात हे एक काम लिहून ठेवा.

खांबापासून खड्ड्यापर्यंत जाणारी पट्टी जाड हवी. २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी यासाठी सर्रास वापरतात. ती आखूड आणि सरळ हवी. वीज धावत येते, तिला काटकोनातलं वळण जमत नाही, ती तिथून उडी मारते. उरलेली तार गुंडाळी करून ठेवणं ही मोठी चूक आहे. जोड पिळून नाही, तर नट-बोल्टने घट्ट हवा आणि बोल्टखालचा रंग खरवडलेला हवा. रंगातून करंट जात नाही.

शेवटी मोजणी. अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं. त्यावर आकडा १० ओहम किंवा कमी यायला हवा. साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही. बल्ब लावून "पेटला बघा" असं दाखवतात, त्यानेही हा आकडा कळत नाही आणि ते करताना शॉकची भीती असते.

सगळ्यांची जमीन एकच

हा भाग नीट वाचा, कारण चांगले वायरमनही इथे चुकतात.

समाजमंदिराला लाइटचं अर्थिंग आधीच असतं, म्हणजे तीन पिनी प्लगची जाडी पिन जिथे जाते ते. आता आपण खांबासाठी दुसरा खड्डा केला. दोन्ही वेगवेगळे ठेवायचे का? नाही. दोन्ही जाड तारेने एकमेकांना जोडायचे.

का ते बघा. शेजारी ठेवलेल्या दोन टाक्यांत पाणी वेगवेगळ्या उंचीला आहे. मध्ये नळी लावली की दोन्हींची पातळी सारखी होते. जवळ वीज पडली की एका खड्ड्याचा दाब एकदम चढतो, दुसऱ्याचा नाही. जोडलेले नसतील तर तो फरक मधल्या वस्तूतून धावतो. मधली वस्तू म्हणजे आपला सेट, कारण त्याची एक बाजू अँटेनाला आणि दुसरी चार्जरच्या प्लगला असते. सेट हातात धरलेली मुलगीही त्या मधेच असते.

म्हणून खांबाचं, केबलचं, सेटचं आणि लाइटचं अर्थिंग एका तांब्याच्या पट्टीवर येऊन एकत्र जमिनीत गेलं पाहिजे. लाइटचं अर्थिंगच नसेल किंवा तुटलेलं असेल तर आधी ते परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मीटरच्या बोर्डात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.

केबल आणि जोडणी

१. वायरलेससाठी ५० ओहमची केबल लागते. डिश टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. दिसायला सारखी, पण सेटला ती चालत नाही. दुकानात नीट विचारून घ्या.

२. केबल भिंतीतून आत येते त्या ठिकाणी लाइटनिंग अरेस्टर लावायचा आणि त्याची तार त्याच तांब्याच्या पट्टीला जोडायची. अरेस्टर लावला पण अर्थिंगला जोडला नाही, तर तो नुसता शोभेचा.

३. भिंतीच्या भोकाच्या आधी केबलला खाली झोळ द्यायचा. मग पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, आत येत नाही. बाहेरचा प्रत्येक जोड पाणी न शिरणाऱ्या रबरी टेपने गुंडाळायचा. आपल्याकडच्या पावसात साधी काळी टेप एक हंगामही टिकत नाही.

४. सेटच्या मागे अर्थिंगचा स्क्रू असतो. तो पट्टीला जोडायचा.

५. बॅटरीची लाल तार अधिकला, काळी वजाला. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. बोलताना सेट सुमारे १० अँपिअर घेऊ शकतो. फ्यूज नसताना तार चिकटली तर आग लागते.

सेट सुरू करतानाचा क्रम पाठ करा: आधी अर्थिंग, मग अँटेना, मग बॅटरी, शेवटी सेटचं बटण. बंद करताना उलटा क्रम, अर्थिंग सगळ्यात शेवटी. अँटेना जोडलेली नसताना बोलायचं बटण दाबलं तर सेट आतून जळू शकतो. आणि सेटवर कुणी बोलत असताना अँटेनाला हात लावायचा नाही, भाजतं.

आभाळ भरून आलं की

थेट विजेवर खरा उपाय एकच: वेळेत केबल काढणे.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दामिनी नावाचं मोबाइल ॲप बनवलं आहे. तुमच्या आसपास वीज कडाडते आहे का, ते त्यात दिसतं. प्रत्येक ग्रामसंघात निदान दोन जणींच्या मोबाइलवर ते असावं. रेंज नसेल तर कानावर भरवसा ठेवा. वीज चमकल्यावर आकडे मोजा. ३० म्हणायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे.

पण त्याच्याही आधी, आभाळ काळवंडायला लागलं की लगेच सेट बंद करा, केबल काढा, चार्जरचा प्लग काढा. काढलेलं टोक सेटपासून लांब, अर्थिंगच्या पट्टीजवळ ठेवा. अंथरुणाजवळ नाही, खिडकीच्या गजालाही अडकवायचं नाही. डोक्यावर गडगडाट सुरू झाला असेल तर मग केबलला हात लावू नका. सेट गेला तर जाऊ द्या. सेट पुन्हा घेता येतो. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मगच पुन्हा जोडा.

घरातल्या डिश टीव्हीलाही हाच नियम.

अपघात झालाच तर

वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा. आकाशात अजून कडाडत असेल तर आधी त्याला आत घ्या.

घरच्या लाइटचा शॉक असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात. खांब विजेच्या तारेवर पडला असेल तर जवळ जायचंच नाही. ३०-३५ फूट लांब उभं राहून सगळ्यांना अडवा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. आपलं माणूस तिथे पडलेलं दिसत असताना थांबणं फार कठीण आहे, हे मला कळतं. पण धावत गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो.

कोटेशन तपासताना हे विचारा

- अर्थिंगची ओळ वेगळी लिहिली आहे का? किती पाइप, किती लांब, पट्टी किती मीटर?
- लाइटचं आणि खांबाचं अर्थिंग जोडून देणार का?
- अरेस्टर, रबरी टेप आणि फ्यूज यादीत आहेत का?
- विजेच्या तारेपासून खांबाचं अंतर कुणी मोजलं?
- काम झाल्यावर अर्थ टेस्टरचा आकडा लेखी देणार का? मेमध्ये पुन्हा मोजणार का?

खड्डा बुजवण्याआधी ग्रामसंघाच्या दोघी जणींनी तिथे उभं राहून पाइपची लांबी टेपने मोजायची आणि मोबाइलवर फोटो काढायचा. माती लोटली की आत आठ फूट आहे की दोन, हे कुणालाच सांगता येत नाही. फोटो आणि मोजणीचा आकडा इतिवृत्तात लागला की मगच शेवटचा हप्ता.

त्या ग्रामसंघाला दुसरं कोटेशन आलं आहे. पहिल्यापेक्षा रक्कम जास्त आहे आणि बैठकीत त्यावरून थोडा वादही झाला. एक ताई म्हणाल्या, "जे दिसत नाही त्याला एवढे पैसे?" मावशींनी सुनेकडे बघितलं. ठराव मंजूर झाला.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरातल्या तीन पिनी प्लगची जाडी पिन कुठे जाते? दोन घरं निवडून वायरमनकडून तपासून घ्या.

२. समाजमंदिर, शाळा आणि अंगणवाडीला अर्थिंगचा खड्डा आहे का? शेवटचं पाणी कधी घातलं?

३. गावातल्या कुठल्या डिशच्या किंवा झेंड्याच्या खांबाजवळून विजेची तार जाते? यादी करून ग्रामपंचायतीला द्या.

४. हॅमच्या परीक्षेला बसू शकतील अशा मुली कोण? नावं आपल्या सीआरपी ताईंकडे द्या.

होडीवरच्या वायरलेस सेटची गोष्ट थोडी वेगळी आहे. खाडीकडच्या मैत्रिणींसाठी ती पुढच्या अंकात घेऊ.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, पनवेल